आग्रहाचे वजन

समोसा आणि जिलेबी हे दोन सर्वपरिचित पदार्थ २०२५ च्या जुलै महिन्यात काही दिवस राष्ट्रीय चर्चेचा विषय झाले होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जूनमध्ये सर्व मंत्रालयांना व विभागांना पत्र लिहून कार्यालयांतील उपाहारगृहांत आणि सभागृहांत तेल व साखर यांचे प्रमाण सांगणारे फलक लावावेत, असे सुचविले होते. त्याचा बोभाटा असा झाला की, सिगारेटच्या पाकिटाप्रमाणे आता जिलेबीवरही धोक्याची सूचना येणार. नागपूरच्या एम्स रुग्णालयाचे नाव या बातम्यांत आले, विनोदांना ऊत आला आणि अखेर, विक्रेत्यांच्या पदार्थांवर कोणताही इशारा छापला जाणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. त्याआधी जानेवारीत डेहराडून येथे राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधानांनी स्वयंपाकातील तेल दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरविणारी नवी इंजेक्शने भारतीय बाजारात दाखल झाली.

आवाहन, फलक आणि औषध असे तीन उपाय एका वर्षात पुढे आले. यांपैकी एकही निरर्थक नाही. तथापि, वजन कमी करण्याचा निश्चय करून चार-सहा महिने तो निष्ठेने पाळणाऱ्या सामान्य मराठी माणसाला विचारले, की त्याचा नियम मोडला कोठे, तर तो यांपैकी कशाचेच नाव घेणार नाही. त्याचा नियम मोडला तो चुलत भावाच्या लग्नात, मेहुणीच्या डोहाळजेवणात, कचेरीतील सहकाऱ्याच्या बढतीच्या पेढ्यांत आणि गावच्या यात्रेत. तेथे त्याला भूक नव्हती, वेळ साधारणतः अवेळ होती, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात वाढपाचे भांडे होते. या क्षणाचा विचार आपल्या आरोग्यविषयक चर्चेत जवळजवळ होत नाही. तो वैयक्तिक दुबळेपणाचा प्रश्न मानून सोडून दिला जातो. वस्तुतः तो सामाजिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तरही समाजानेच द्यावयाचे आहे.

प्रश्न किती मोठा आहे, हे आता आकड्यांनी सिद्ध झाले आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष प्रमाणाबाहेर वजनाचे होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आढळली. त्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी सुमारे साडेतेरा कोटी. पुणे जिल्ह्याचा या विषयाशी विशेष संबंध आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. परंतु आपली बालके स्नायूंनी आणि अवयवांनी जितकी लहान होती, तितकी चरबीने लहान नव्हती. बाहेरून सडपातळ आणि आतून चरबीयुक्त, अशी ही भारतीय प्रकृती. म्हणूनच आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की सावध व्हावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. 'मी कुठे जाड आहे?' हा प्रश्न मराठी माणसाला पूर्णतः विश्वासार्ह उत्तर देत नाही.

मुळशीचे दोन चेहरे

पुण्याच्या पश्चिमेकडील मुळशी तालुका या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मुळा नदीवरील टाटांच्या धरणाविरुद्ध एप्रिल १९२१ मध्ये सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी सत्याग्रह केला, तो आपली भाताची खाचरे वाचविण्यासाठी. आंबेमोहोर हे त्या खाचरांचे वैभव. भर पावसात, चिखलात दिवसभर वाकून लावणी करावयाची, डोंगर चढून गवत-लाकूड आणावयाचे, ही त्या माणसांची रीत. अशा श्रमलेल्या शरीराला लग्नाच्या वा यात्रेच्या निमित्ताने वर्षातून मोजक्या वेळा पोटभर गोडाधोडाचे, क्वचित मटणाचे जेवण मिळे. 'आणखी घ्या' हा आग्रह त्या जीवनक्रमात शोभून दिसे. उद्या पुन्हा कोरड्या भाकरीशी गाठ आहे, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक होते आणि खाणाऱ्यालाही.

आज याच तालुक्यात हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान संकुल आहे, पिरंगुटचे कारखाने आहेत, आणि पौड रस्त्याने पुढे जावे तो मंगल कार्यालये व शेतघरे आहेत. पुष्कळांची जमीन विकली गेली आणि काम खुर्चीवर येऊन बसले. प्रसंग मात्र कमी झाले नाहीत, उलट वाढले. आषाढात आखाड, श्रावणात सण, मग गौरी-गणपती, नवरात्र, कोजागरी, दिवाळी. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई. थंडीत हुरडा, मग संक्रांत, होळी आणि चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा. यांत साखरपुडे, हळदी, बारशी, जावळे आणि वाढदिवस यांची भर घातली, म्हणजे 'एक दिवस चालते' असे म्हणावयाचे दिवस किती होतात, याचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा.

एका दिवसाने काय होते, या प्रश्नाला उत्तर आहे. अमेरिकेत १९५ प्रौढांचे वजन वर्षभर मोजून केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरअखेर ते नववर्ष या सणांच्या काळात त्यांचे वजन सरासरी केवळ ३७० ग्रॅमच्या आसपास वाढले. लोकांना वाटे त्यापेक्षा ही वाढ बरीच कमी होती. परंतु पुढच्या वसंतात आणि उन्हाळ्यात ती उतरली नाही. दरवर्षीचे हे अर्ध्या किलोहूनही कमी ओझे वीस वर्षांत काय होते, हे सांगावयास गणिताचा शिक्षक नको. दुसऱ्या बाजूने, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधक प्रयोगात वजनात सात टक्के घट आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायाम एवढेच उद्दिष्ट ठेवले होते. त्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. सत्तर किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे पाच किलोही नव्हेत. बिघडविणारे ओझे थोडे, सुधारणारी घटही थोडी, आणि या दोहोंमधला निर्णय बव्हंशी पंगतीत होतो.

मुळशीचा दुसरा चेहरा अधिक बोलका आहे. याच जलाशयाच्या परिसरात वजन उतरविण्यासाठी लोक पैसे मोजून राहतात, अशी आरोग्यकेंद्रे आहेत. ही कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९४६ साली महात्मा गांधींनी उरुळी कांचन येथे निसर्गोपचार केंद्र सुरू केले. मणिभाई देसाई यांनी ते वाढविले. अशा ठिकाणी गेलेला माणूस आठवडाभर मोजके खातो आणि त्याला त्याचे विशेष कष्ट होत नाहीत. घरी जो नियम दोन दिवस टिकत नाही, तो तेथे का टिकतो? तेथे माणसाची इच्छाशक्ती एकाएकी वाढते असे नव्हे. तेथे शेजारच्या ताटातही तेच असते, आणि वाढणारा 'माझ्यासाठी एक' असे म्हणत नाही. तोच माणूस पुढच्या आठवड्यात काही मैलांवरच्या शेतघरात पुतण्याच्या हळदीला जातो, आणि तेथे आठवड्याची कमाई एका रात्रीत खर्ची पडू लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांच्या रोजच्या आहाराच्या नोंदींवरून दाखवून दिले, की इतरांसमवेत घेतलेले जेवण एकट्याच्या जेवणापेक्षा सरासरी ४४ टक्क्यांनी मोठे असते. तेथे तर आपल्यासारखा आग्रहही नसतो.

संयमाला नाव हवे

मग आपल्या समाजात संयम अशक्यच आहे काय? मुळीच नाही. एकादशीच्या दिवशी लग्नाच्या मांडवात बसलेल्या वारकऱ्याला जिलेबीचा आग्रह कोणी करीत नाही. चतुर्थी असलेल्या बाईपुढे ताट आले तर शेजारीणच सांगते, 'त्यांचा उपवास आहे.' माळकऱ्याच्या पानात चुकूनही मटणाचा रस्सा पडू नये, याची काळजी यजमान स्वतः घेतो. म्हणजे नकार आपल्याला खपत नाही असे नसून, नाव नसलेला नकार खपत नाही. 'उपवास आहे' या दोन शब्दांनी विषय संपतो. 'वजन कमी करतोय' या तीन शब्दांनी विषयाला सुरुवात होते. मग प्रत्येक जण वैद्य होतो, कोणी चेष्टा करतो, कोणी दुखावतो, आणि शेवटी वाढपी ताटात दोन जिलब्या टाकून मोकळा होतो.

१९६५ साली अन्नधान्याच्या टंचाईत लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. सोमवारी रात्री चूल न पेटविणारी कुटुंबे, बंद राहणारी उपाहारगृहे हे दृश्य त्या पिढीने पाहिले आहे. हा त्याग एकट्यादुकट्याने करावयाचा असता तर दुसऱ्याच आठवड्यात मोडला असता. तो सर्वांचा होता, त्याचा वार ठरलेला होता, आणि त्याबद्दल कोणाला खुलासा द्यावा लागत नव्हता.

अलीकडे महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीचा जो प्रसार झाला, त्याचेही रहस्य काही अंशी येथेच असावे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांतून पुढे आलेली ही पद्धती दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवावे आणि सोबत रोज चालावे, असे सांगते. तिच्या शास्त्रीय बाजूवर मतभेद आहेत. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांच्यासारखे जाणकार थोडेथोडे, वेळच्या वेळी आणि आपल्या मातीतले खावे, असे सांगतात, आणि २०१८ च्या सुमारास या दोन मतांचा वाद घराघरांत रंगला. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवणाच्या वेळा बदलूच नयेत. परंतु सामाजिक अंगाने पाहता एक गोष्ट उघड आहे. 'माझे दीक्षित चालू आहे' असे म्हटले, की महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी वाढपाचा हात थांबू लागला. उपवासाला जे नाव होते, ते पथ्यालाही मिळाले. नियम कोणताही असो, तो पंगतीत एका वाक्यात सांगता आला पाहिजे. उष्मांकांचे कोष्टक मांडवात कोणी ऐकून घेत नाही.

नकाराचा इतिहास

येथे दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. आग्रह करणारा माणूस केवळ अडाणी किंवा हट्टी असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे कोणाच्या घरी न खाणे या कृतीला एक कडवट इतिहास आहे. रोटीबंदीच्या समाजात 'मी तुमच्याकडे जेवणार नाही' या वाक्याचा अर्थ 'तुम्ही माझ्यापेक्षा हलके' असा होता. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून रानडे, टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य आले. एका पेल्याला केवढे वजन होते, हे त्यावरून कळते. त्या समजुतींविरुद्ध पुढे सहभोजने झाली. अनंत हरी गद्रे यांनी झुणकाभाकर सत्यनारायण घालून सर्व जातींच्या माणसांना एका पंगतीस बसविले. ज्यांच्या घरचे पाणीही एकेकाळी वर्ज्य मानले गेले, त्यांच्या नातवाच्या बारशाला साहेबांनी 'डाएट आहे' म्हणून ताट सारावे, तेव्हा त्यांच्या मनात काय उभे राहत असेल, याचा विचार सुशिक्षितांनी करावयास हवा.

म्हणून पथ्य पाळणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. त्याने पंगतीतून उठून जाऊ नये, पंगतीत बसावे. पहिल्या वाढपातले थोडे घ्यावे, चवीने खावे, स्वयंपाकाची मनापासून स्तुती करावी. दुसऱ्या वाढपाच्या वेळी पानावर हात आडवा धरावा. भात, आमटी, भाजी, कोशिंबीर, मठ्ठा यांनी भरलेल्या ताटात संयमाला भरपूर जागा असते. गोड एकच घ्यावे. उपाशीपोटी समारंभास जाऊ नये, कारण भुकेलेल्या माणसाचा निश्चय फार काळ टिकत नाही. आणि एखाद्या दिवशी नियम मोडलाच, तर 'आता मोडलाच आहे' म्हणून आठवडाभर सुटू नये. दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या जेवणापासून तो पुन्हा धरावा. पुष्कळांचे वजन पहिल्या चुकीने वाढत नाही, त्या चुकीनंतरच्या निराशेने वाढते.

स्त्रियांची अडचण याहून कठीण आहे. नव्या सुनेने ताटातले नाकारले तर ते नखरे ठरतात, आणि तिने खाल्ले तर तीच मंडळी चार महिन्यांनी 'किती सुटलीस गं' असे म्हणतात. आग्रह आणि टोमणा एकाच तोंडातून निघतात, ही आपल्या घरांतील विसंगती आहे. कोणाच्या शरीरावर जाहीर शेरा मारणे हा आपुलकीचा प्रकार नव्हे. त्या शेऱ्यांच्या धाकाने निकोप वजनाच्या मुलीही जेवण सोडतात, तोही रोगच होय. वजन किती असावे हे डॉक्टरांनी सांगावे. ते काम आत्या-मावश्यांचे नाही, तसेच वर्गमित्रांचेही नाही.

यजमानाचे कर्तव्य

परंतु सगळे ओझे पाहुण्यावर टाकून हा प्रश्न सुटणार नाही. वाढणाऱ्या हातात सत्ता असते, म्हणून पहिले कर्तव्य यजमानाचे. एकदा विचारणे हे आदरातिथ्य. नकार ऐकल्यावर दुसऱ्यांदा विचारणे ही फार तर परंपरा. न विचारता ताटात टाकणे ही मात्र जबरदस्ती होय. मांडवात साधा ताक-पाण्याचा माठ दिसेल अशा जागी असावा, एखादी उकडलेली किंवा कमी तेलाची भाजी असावी, गोडाचा एकच पदार्थ असावा, आणि जेवण ठरलेल्या वेळी वाढले जावे. लग्नाच्या मुहूर्तानंतर दोन-दोन तास भाषणे आणि सत्कार ऐकून भुकेने व्याकूळ झालेल्या पाहुण्याने मोजून खावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

लग्नातील बडेजावाचा प्रश्न अर्थात ताटापुरता नाही. मे २०२५ मध्ये मुळशी तालुक्यात एका विवाहितेच्या मृत्यूने सारा महाराष्ट्र हादरला. हुंडा आणि छळ यांच्या त्या भीषण आरोपांशी खाण्यापिण्याच्या चर्चेची बरोबरी करणे गैर होईल. परंतु त्यानंतर मराठा समाजातील जाणत्या मंडळींनी विवाह साधेपणाने, मर्यादित माणसांत व्हावेत, अशी आचारसंहिता पुढे आणली, ही घटना महत्त्वाची आहे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच साध्या विवाहाचा पायंडा घातला होता. त्या विचाराकडे समाजाला पुन्हा यावे लागत आहे. अशा आचारसंहितांत जेवणाचे एक कलम असावे: पदार्थ मोजके, आग्रह नाही, उष्टे नाही. मुळशीच्याच डोंगरकपारीत कातकरी वस्त्या आहेत. तेथील मुलांच्या ताटात जे कमी पडते आणि मंगल कार्यालयाच्या मागे पिंपात जे फेकले जाते, त्यांतील अंतर फार मैलांचे नाही.

कचेऱ्या आणि शाळा यांना तर कोणत्याही आचारसंहितेची वाट पाहण्याचे कारण नाही. आरोग्य मंत्रालयाच्या पत्रात कार्यालयांतून तळलेले व गोड पदार्थ कमी करून पौष्टिक पदार्थ द्यावेत, असेही सुचविले होते; समोसा-जिलेबीच्या गदारोळात ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. वीस जणांच्या विभागात प्रत्येकाचा वाढदिवस, त्यात बढती, नवे वाहन, मुलांचे निकाल धरले, तर महिन्यातून तीन-चारदा पेढे किंवा केक आणि सोबत समोसे ठरलेलेच. विभागाने महिन्याचे सर्व वाढदिवस एकाच दिवशी साजरे करावेत, आणि पेढ्यांऐवजी पेरू, केळी, भाजलेले शेंगदाणे ठेवावेत, एवढा ठराव करावयास शासननिर्णय लागत नाही. शिक्षकांच्या खोलीत हे सुरू झाले, तर ते वर्गात सांगावे लागणार नाही. विद्यार्थी ते पाहतातच.

इंजेक्शने महाग आहेत आणि ती सर्वांसाठी नाहीत. फलक वाचावयाचा की नाही, हे वाचणाऱ्याच्या हाती आहे. पण पंगतीत पानावर आडवा हात आला की वाढप्याने पुढे सरकावे, ही रीत घालून देण्यास एका पैशाचाही खर्च नाही. सेनापती बापटांच्या मुळशीने आपल्या शेतांसाठी धरलेला आग्रह इतिहासात नोंदला गेला. येत्या लग्नसराईत यजमानांनी आपला आग्रह एका वेळेपुरता मर्यादित केला, तर त्याची नोंद इतिहासात होणार नाही. तिच्या खुणा पुढच्या दहा वर्षांत दवाखान्यातील रक्ततपासणीच्या कागदांवर मात्र दिसतील.